पहिलीच एकट्याने युरोप सहल: पास काढून सात शहरं, की तीन शहरं आणि सुटी तिकिटं?

खारफुटी

दरवर्षी उन्हाळा जवळ आला की मुंबईकरांचा एक प्रश्न हमखास येतो. मे महिन्यात १८ दिवस रजा मिळतेय, पाठीवर सॅक, सोबत कोणी नाही, युरेल पास (ठरावीक दिवस बऱ्याच युरोपीय देशांच्या गाड्यांत चालणारा एकच रेल्वे पास) काढून पॅरिस, अ‍ॅमस्टरडॅम, बर्लिन, प्राग, व्हिएन्ना, व्हेनिस, रोम एवढं जमेल का?

जमेल. पण पहिल्या खेपेला करू नये असं माझं मत आहे. खोडून काढायचं असेल तर जरूर काढा, त्यासाठीच धागा आहे.

सात शहरं म्हणजे सहा वेळा बाडबिस्तरा हलवणं. हॉस्टेलवाले सकाळी दहा-अकराला खाट रिकामी करायला लावतात आणि पुढच्या गावात दुपारी दोन-तीनच्या आत खाट मिळत नाही. मधली गाडी चार तासांची असो की सहा, दिवस गेलाच. पॅरिस-अ‍ॅमस्टरडॅम साडेतीन तास, तिथून बर्लिन सहा, बर्लिन-प्राग चार-साडेचार, प्राग-व्हिएन्ना चार, व्हिएन्ना-व्हेनिस पावणेआठच्या आसपास, व्हेनिस-रोम चार. नुसते गाडीतले तास तीसच्या घरात जातात. स्टेशन गाठणं, लॉकर शोधणं, नव्या शहराची तिकीट पद्धत समजून घेणं हे वेगळंच. एकट्याला यातलं काहीच वाटून घेता येत नाही. सामान कोणाकडे ठेवून बाथरूमला जायचं, इथपासून सुरुवात.

माझा पर्याय: प्राग ६ रात्री, व्हिएन्ना ६, बुडापेस्ट ५. मध्ये दोनच गाड्या, एक चार तासांची, दुसरी पावणेतीन. दोन्हींची सुटी तिकिटं आधी काढली तर स्वस्त पडतात. कंटाळा आला तर सामान न हलवता कुत्ना होरा (प्रागहून), ब्रातिस्लाव्हा (व्हिएन्नाहून), सेंतेन्द्रे (बुडापेस्टहून) ही तिन्ही गावं सकाळी जाऊन संध्याकाळी परत येण्यासारखी आहेत. विमानाचं तिकीट मल्टी-सिटी काढायचं: जाताना प्राग, येताना बुडापेस्ट. म्हणजे उलटं प्रागला यायला नको.

घाटवाट

साफ असहमत.

विमानभाडं, ९० युरो व्हिसा फी, व्हिसा केंद्राचे सेवाशुल्क, विमा आणि साहेबाच्या हातापाया पडून मिळवलेली रजा, हा खर्च तीन शहरांना तेवढाच आणि सात शहरांनाही तेवढाच. "परत येऊच की" हे सल्ला देणाऱ्याला म्हणायला सोपं असतं. खाजगी नोकरीतल्या माणसाला सलग १८ दिवस पुन्हा कधी मिळतील?

आणि पासला उगाच बदनाम करू नका. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, बेल्जियम, नेदरलँड्समध्ये बहुतेक गाड्यांना रिझर्वेशन सक्तीचं नाही. पास दाखवा, बसा. आवडलं तर राहा, पाऊस लागला तर दुपारच्या गाडीने निघा. तुमचं ते स्वस्त तिकीट त्या एकाच गाडीला बांधलेलं असतं. गाडी चुकली की पैसे पाण्यात. शिवाय रात्रीच्या गाडीने गेलात तर एका हॉस्टेलचं भाडं वाचतं, आणि मध्यरात्रीनंतर गाडी बदलावी लागत नसेल तर पासचा एकच दिवस खर्ची पडतो, निघालेल्या तारखेचा. २७ वर्षांपर्यंतच्यांना पासवर सवलतही आहे.

सँडहर्स्टरोड

घाटवाट, पासची बाजू अर्धीच मांडलीत. रिझर्वेशन सक्तीचं नसलेले देश बरोबर सांगितले, पण वर दिलेल्या सात शहरांच्या यादीत पॅरिस आहे, व्हेनिस-रोम आहे. फ्रान्समधल्या टीजीव्ही, इटलीतल्या फ्रेच्चारोस्सा, स्पेनमधल्या एव्हीई आणि पॅरिस-अ‍ॅमस्टरडॅमची युरोस्टार, या सगळ्या वेगवान गाड्यांना पास असूनही वेगळे पैसे भरून रिझर्वेशन घ्यावंच लागतं. इटलीत ते दहा-तेरा युरोंत भागतं, युरोस्टारला तीस युरोंच्या आसपास जातात. त्याहून मोठी अडचण म्हणजे युरोस्टार आणि टीजीव्हीमध्ये पासवाल्यांसाठी जागांचा कोटा असतो. गाडी रिकामी दिसते, पूर्ण भाड्याचं तिकीटही मिळतं, पण पासवर जागा नाही. रात्रीच्या गाडीतही बर्थचे पैसे पासमध्ये धरलेले नसतात.

त्यामुळे हिशेब असा करा. पासची किंमत भागिले प्रवासाचे दिवस, त्यात त्या दिवसाचं रिझर्वेशन मिळवा. मग त्याच तारखेचं सुटं तिकीट रेल्वेच्या स्वतःच्या साइटवर बघा: ऑस्ट्रियाचं ओबीबीवर, जर्मनीचं डॉइच बानवर, झेकचं चेस्के द्राहीवर. दोन महिने आधी बघाल तर खारफुटींच्या दोन गाड्यांसाठी पास म्हणजे शुद्ध उधळपट्टी. दहा दिवस आधी बघाल, आणि टप्पे लांब असतील, तर पास जिंकू शकतो.

"पैसे पाण्यात" हेही सरसकट खरं नाही. जर्मनीत तुमच्या मुक्कामाला पोहोचायला २० मिनिटं किंवा जास्त उशीर होणार असं दिसलं की स्वस्त तिकिटावरचं गाडीचं बंधन सुटतं. दुसऱ्या गाडीत बसता येतं. युरोपीय नियमाप्रमाणे ६० मिनिटांच्या उशिराला भाड्याच्या २५ टक्के आणि १२० मिनिटांना ५० टक्के परतावा मागता येतो. तुम्हीच उशिरा पोहोचलात तर मात्र कोणी वाली नाही.

मोबाइल पासवाल्यांची नेहमीची चूक: पास घेतला, गाडीत बसले, टीसी आल्यावर अ‍ॅप उघडलं. प्रवास चढण्याआधी अ‍ॅपमध्ये नोंदवून त्या दिवसाचा क्यूआर तयार असावा लागतो. नसेल तर विनातिकीट धरतात.

ठाणेकरीण

पास की तिकीट यावर भांडताय खुशाल, पण पासपोर्ट भारतीय आहे हे दोघंही विसरलात. "आवडलं तर राहा, नाही तर निघा" हे बिनव्हिसा येणाऱ्यांचं बॅकपॅकिंग. आपल्याला अर्जासोबतच कुठल्या रात्री कुठे झोपणार ते तारखेनिशी द्यावं लागतं. येण्याजाण्याचं विमान, राहण्याची बुकिंग, किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण असलेला विमा, बँकेचं स्टेटमेंट, आयटीआर, कंपनीचं रजेचं पत्र, दिवसवार आराखडा. एकट्याचा पहिलाच प्रवास असेल तर हा आराखडा बारकाईने बघतात. १८ दिवसांत सहा देश, आणि खात्यात महिनाभरापूर्वी अचानक आलेले तीन लाख, हे एकत्र दिसलं की "प्रवासाचा हेतू पटला नाही" या रकान्यावर खूण पडू शकते. फी परत मिळत नाही. जर्मनीने तर १ जुलै २०२५ पासून व्हिसा नाकारल्यावर फेरविचाराचा अर्ज घेणंही बंद केलं आहे. नवा अर्ज करा किंवा तिकडे कोर्टात जा.

वेळेचा हिशेबही करा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात, उशिरात उशिरा १५ दिवस आधी. निर्णयाला साधारण १५ दिवस, पण ४५ पर्यंत ताणू शकतात. मेच्या प्रवासासाठी मार्च-एप्रिलात मुंबईत अपॉइंटमेंट शोधणं म्हणजे सव्वानऊच्या विरार फास्टमध्ये खिडकी शोधणं. डिसेंबर-जानेवारीतच उरका.

आता खारफुटींच्या आराखड्यातली खोच. प्राग ६, व्हिएन्ना ६. मग अर्ज कोणाकडे? ज्या देशात सर्वात जास्त मुक्काम, त्याच्याकडे. बरोबरी झाली तर शेंगेनची (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाची) बाहेरची हद्द जिथे ओलांडणार त्या देशाकडे. इस्तंबूल किंवा दुबईमार्गे प्रागला उतरलात तर तो देश झेक. पण फ्रँकफर्टला विमान बदलून प्रागला गेलात तर हद्द ओलांडली जर्मनीत! म्हणून बरोबरी ठेवूच नका. व्हिएन्ना ७ करा, प्राग ५, आणि अर्ज ऑस्ट्रियाकडे.

खारफुटी

मान्य, ७-५-५ करतो. हा मुद्दा ध्यानात नव्हता.

घाटवाट

ठाणेकरीण, बुकिंग फुकट रद्द करता येणारं घ्यायचं, व्हिसा आला की बदलायचं. सगळे हेच करतात. व्हिसावर शेंगेन लिहिलेलं असतं, आत कुठेही फिरा.

ठाणेकरीण

रद्द होणारं बुकिंग घेण्यात काहीच गैर नाही. प्रागची एक रात्र कमी करून झेकमधल्याच ब्रनोला गेलात तर कोणी विचारत नाही. पण व्हिसा ऑस्ट्रियाचा आणि सगळे मुक्काम फ्रान्स-इटलीत, हे विमानतळावर कबूल करायची वेळ आली तर? सीमेवरचा अधिकारी राहण्याचं बुकिंग, परतीचं तिकीट, पैसे, तिन्ही विचारू शकतो, आणि जे सांगाल ते कागदाशी जुळायला हवं. आराखडा बदला, पण मुख्य देश बदलू नका. आणि एजंट पाचशे-हजारात देतात ती "डमी" तिकिटं टाळा. त्यातले पीएनआर काही दिवसांत मरतात, आणि तपासणी नेमकी त्यानंतर झाली तर अख्खा अर्ज संशयात.

एक प्रवेश की अनेक, हेही बघून घ्या. सिंगल एंट्री व्हिसा असेल तर मध्येच लंडनला किंवा क्रोएशियातल्या दुब्रोव्हनिकहून बोस्नियातल्या मोस्तारला पाय टाकलात की परत आत येता येणार नाही. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे. जुने लेख वाचून गोंधळू नका.

माटुंगा_मुक्काम

सॅकवर कोणीच बोललं नाही म्हणून. सह्याद्रीत नेता ती ६० लिटरची नेऊ नका. ४० लिटर, भरून सात-आठ किलो, बास. मुंबईहून जाताना वजनाचा प्रश्न नसतो, अडतं ते तिकडच्या स्वस्त विमानांत. रायनएअर आणि विझएअरच्या मूळ भाड्यात ४०×३०×२० सेंटिमीटरची सीटखाली मावणारीच बॅग बसते. तुमच्या ४० लिटरला वेगळे पैसे पडणार ते भाड्याची तुलना करतानाच धरा. स्वस्त विमानतळांचंही तसंच. पॅरिसचा म्हणून विकतात तो बोव्हे शहरापासून ८०-८५ किलोमीटर लांब आहे. रायनएअरने जाणार असाल तर युरोपीय नागरिक नसलेल्यांनी सिक्युरिटीआधी काउंटरवर जाऊन कागदपत्रं तपासून घ्यायची असतात, नाहीतर गेटवर अडवतात.

कुलूप स्वतःचं न्या, पण बारीक कडीचं. आपल्याकडची गोदरेजची जाड कडी बऱ्याच हॉस्टेल लॉकरच्या भोकात शिरतच नाही, आणि मग रिसेप्शनवर पाच-सहा युरोंचं नवं घ्यावं लागतं.

खाऊ: थालीपिठाची भाजणी, मेतकूट, चिवडा, लाडू खुशाल न्या, पण साजूक तुपाची बरणी आणि पेढे नकोत. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ प्रवाशाने युरोपीय संघात आणायला बंदी आहे. लाडू तुपातले असले तर काय, हा वाद कस्टमशी घालायचा नसेल तर तेही राहू द्या.

घाटवाट

एक प्रश्न खारफुटींना. सोपं करायला निघालात आणि तीन शहरांत तीन चलनं? कोरुना, युरो, फोरिंट. माझ्या सात शहरांत प्राग सोडलं तर सगळीकडे युरो.

खारफुटी

हा टोला बरोबर बसला. पण तिन्ही शहरांत जवळजवळ सगळं कार्डावर चालतं. पथ्यं दोन. मशीन "रुपयांत घेऊ की कोरुनात?" असं विचारतं तेव्हा स्थानिक चलनच निवडा, रुपये निवडले की दर दुकानवाल्याच्या बँकेचा. आणि फॉरेक्स कार्डात नुसते युरो भरले असतील तर प्राग-बुडापेस्टला प्रत्येक खरेदीवर चलनबदलाचा आकार (मार्कअप) लागतो, त्यामुळे बिनमार्कअपचं कार्ड बरं. साध्या कार्डावर साडेतीन टक्के मार्कअप आणि त्यावर १८ टक्के जीएसटी असेल तर ४.१३ टक्के होतात. दोन कार्डं, दोन वेगळ्या खिशांत, आंतरराष्ट्रीय वापर मुंबईतच चालू करून. बँकेचा ओटीपी भारतीय नंबरवर येतो, म्हणून ई-सिम घेतलं तरी मूळ सिम बंद ठेवू नका.

बुडापेस्टला विमानतळाच्या १००ई बसला वेगळं तिकीट लागतं, शहराचं नेहमीचं चालत नाही. प्रागला कागदी तिकीट पिवळ्या मशीनमध्ये छापून घ्यावं लागतं. न छापलेलं तिकीट खिशात असूनही दंड होतो.

घाटवाट

बरं, सातवरून पाचावर येतो, चारही बाजूंनी मारताय म्हणून. अ‍ॅमस्टरडॅम ४, बर्लिन ४, प्राग ३, व्हिएन्ना ३, म्युनिक ३. महिनाभरात ५ दिवस वापरायचा पास. चार टप्पे आणि एक दिवस म्युनिकहून साल्झबुर्ग. एकाही टप्प्यावर सहसा रिझर्वेशनची सक्ती नाही, परतीला म्युनिक-मुंबई थेट विमान. यात मात्र सुटी तिकिटं मी घेणार नाही. चार ते सहा तासांचे टप्पे आहेत आणि जर्मन गाड्यांचा भरवसा नाही.

सँडहर्स्टरोड

हा आराखडा पासला साजेसा आहे. फक्त साल्झबुर्गसाठी पासचा दिवस जाळू नका. बायर्न तिकीट (बव्हेरिया राज्याचं एका दिवसाचं रेल्वे तिकीट) प्रादेशिक गाड्यांना साल्झबुर्गपर्यंत चालतं, सोमवार ते शुक्रवार सकाळी ९ नंतर. त्यामुळे ५ ऐवजी ४ दिवसांचा पास पुरेल. अ‍ॅन फ्रँक घर (अ‍ॅमस्टरडॅममधलं संग्रहालय) बघायचं असेल तर सहा आठवडे पुढची तिकिटं दर मंगळवारी सुटतात आणि लगेच संपतात. रविवारी बर्लिन, म्युनिक, व्हिएन्नात दुकानं बंद, मोठ्या स्टेशनांतली सोडून. शनिवारीच दूध-पाव आणून ठेवा.

ठाणेकरीण

आणि अर्ज अ‍ॅमस्टरडॅमच्या नावाने नेदरलँड्सकडे करायला निघाल, तसं करू नका. रात्री देशाप्रमाणे मोजतात, शहराप्रमाणे नाही. बर्लिन ४ आणि म्युनिक ३ मिळून जर्मनी ७. अपॉइंटमेंट जर्मनीची बघा.