मदत हवी आहे: ३८ टक्के ‘शॉर्ट’, पण कशाचे?

मानेवाड्याची आत्या

नमस्कार. बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, निवृत्त झाले आणि आता एका टक्क्यापाशी अडकून बसले आहे. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

माझ्याकडे एका कंपनीचे ४०० शेअर आहेत. सरासरी ६४२ ला पडले, आज भाव ४९७. नाव लिहीत नाही, नाहीतर सगळे त्या कंपनीवरच भांडत बसतील. शेअर एफ अँड ओ (फ्युचर-ऑप्शन) मधला आहे, म्हणजे त्याचे पुढच्या तारखेचे वायद्याचे सौदेही होतात, एवढं पुरे. भाच्याने मला एका टेलिग्राम ग्रुपमध्ये टाकलं होतं. तिथे मंगळवारी रात्री मेसेज आला: ‘शॉर्ट इंटरेस्ट ३८%!!! मंदीवाले फसले, स्क्वीझ पक्का, जमेल तेवढा उचला.’ खाली चार रॉकेटं. मी विचारलं, ‘३८ टक्के कशाचे?’ दहा मिनिटांत मला ग्रुपमधून काढून टाकलं. अहो, पोरांना मी जन्मभर हेच विचारत आले, टक्के म्हटले की आधी छेद सांग. यात राग येण्यासारखं काय होतं?

शॉर्ट म्हणजे मला कळलंय ते असं. आपल्याकडे नसलेला शेअर उसना घेऊन विकायचा, भाव पडला की विकत घेऊन परत करायचा, मधला फरक आपला. शेजारच्या वहिनींकडून पायलीभर तूरडाळ उसनी आणली, महाग आहे तोवर विकून टाकली, नवा माल आल्यावर स्वस्तात घेऊन पायली परत केली. वहिनींना डाळीशी मतलब, भावाशी नाही. भाव चढला तर मात्र माझं मरण, कारण पायली द्यावीच लागणार. असे सगळे अडकलेले एकदम घ्यायला धावले की भाव आणखी भडकतो, तो म्हणे स्क्वीझ. आणि असे विकून बसलेले, अजून परत न केलेले एकूण शेअर म्हणजे शॉर्ट इंटरेस्ट. इथवर बरोबर आहे ना?

आता अडतं कुठे ते सांगते. ॲपवर शोधलं तर त्या शेअरसमोर ‘ओआय’ आणि शेजारी ३८.२% असं दिसून राहिलं आहे. ग्रुपवाल्यांनी हाच आकडा उचलला का?

दुसरं, २०२१ च्या जानेवारीत अमेरिकेत ते गेमस्टॉपचं झालं. महिन्याच्या सुरुवातीला १७-१८ डॉलरचा शेअर २८ तारखेला ४८३ पर्यंत गेला. तेव्हा म्हणे बाजारात मोकळ्या असलेल्या शेअरपेक्षा शॉर्ट जास्त होते, म्हणजे शंभर टक्क्यांच्या वर. डब्यात आहे त्यापेक्षा जास्त डाळ उसनी देणार कशी?

तिसरं घरचंच. भाच्याने एका छोट्या कंपनीचे १५० शेअर सकाळी ३१८ ला शॉर्ट मारले. चार्टवर त्याला डोकं दिसलं, खांदे दिसले, मला तर काहीच दिसलं नाही. आदला बंद भाव ३००. दुपारी दोनच्या सुमारास शेअर ३३० ला अप्पर सर्किटला, म्हणजे त्या दिवशीच्या कमाल भावाला, लागला. घेणाऱ्यांची रांग, विकणारा एक नाही. पोट्टा साडेतीनपर्यंत मोबाइल हातात धरून बसला, जेवला नाही. नंतर लेजरमध्ये ३७१ च्या भावाने १५० शेअर त्याच्या नावे टाकलेले दिसले. म्हणजे ७,९५० रुपये गेले, वर चार्जेस. माझा प्रश्न असा की त्याला ते शेअर उसने दिले कोणी होते?

घाटरोड४४

आत्या, ग्रुपमधून काढलं ते बरंच झालं. पैसे वाचले तुमचे.

इतवारी_डीलर

ताई, मी अकरा वर्षं इतवारीत एका सबब्रोकरकडे टर्मिनलवर बसत होतो. छेद विचारणारं गिऱ्हाईक क्वचितच भेटलं, म्हणून सविस्तर लिहितो.

भाच्याचं आधी. त्याला कोणीच उसने दिले नव्हते. इंट्राडेमध्ये (त्याच दिवसात घेऊन-विकून मोकळे व्हायचे) आधी विकता येते ते एवढ्याच भरवशावर की बाजार बंद व्हायच्या आत तुम्ही घेऊन सौदा कापाल. तो कापला नाही तर तुमचा सौदा सरळ विक्री ठरते, आणि ज्याने तुमच्याकडून घेतले त्याला दुसऱ्या दिवशी शेअर मिळालेच पाहिजेत. सेबीचा नियम स्पष्ट आहे, डिलिव्हरी चुकवता येत नाही. मग एक्स्चेंज लिलाव लावते, ज्यांच्याकडे खरोखर शेअर आहेत ते तिथे आपल्या भावाने विकतात आणि बिल तुमच्या नावावर फाडले जाते. लिलावातही माल आला नाही तर क्लोज-आउट, म्हणजे शेअरऐवजी पैसे, तिथे बंद भावावर २० टक्के चढवून हिशोब होऊ शकतो. पोरगा ३७१ वर सुटला. ज्या शेअरला सर्किट लागते त्यात शॉर्ट मारायचाच नाही, हे आमच्याकडे नवीन पोराला पहिल्या दिवशी सांगत होते. एफ अँड ओ मधल्या शेअरला तसे ठरीव सर्किट नसते, निदान बाहेर पडायला दार तरी उघडे राहते.

आता तुमचे ३८. ओआय म्हणजे ओपन इंटरेस्ट, अजून न कापलेले वायद्याचे सौदे. ‘इंटरेस्ट’ शब्द दोन्हीकडे आहे, तेवढ्यावर त्या ग्रुपवाल्याने दुकान मांडले. वायद्यात एकाने विकला म्हणजे दुसऱ्याने घेतलाच. हजार लॉट (ठरीव संख्येचे गठ्ठे) उघडे असतील तर हजार शॉर्ट आहेत आणि हजार लाँगही, म्हणजे घेऊन बसलेले, आहेत. त्या आकड्यावरून ‘मंदीवाले जास्त’ असे निघतच नाही.

आणि छेद? तो एमडब्ल्यूपीएल आहे, त्या शेअरच्या सगळ्या फ्युचर-ऑप्शन सौद्यांवर मिळून घातलेली मर्यादा. प्रवर्तकांकडचे शेअर सोडून जे मोकळे राहतात त्यांच्या एका हिश्श्यावरून ती ठरते. ओआय त्या मर्यादेच्या ९५ टक्क्यांवर गेला की शेअर बॅनमध्ये जातो, नवे सौदे बंद. समजा मर्यादा मोकळ्या शेअरच्या १५ टक्के आहे. तर ३८ टक्के म्हणजे १५ चे ३८ टक्के. पुढचे तुम्हीच करा.

मानेवाड्याची आत्या

५.७. आणि त्यातही पुट (विकायचा हक्क) आले, कॉल (घ्यायचा हक्क) आले, घेणारे आले, विकणारे आले. अरे देवा. त्या माणसाला मी दहावीत बसू दिलं नसतं.

पण मग आपल्याकडे खरा शॉर्ट इंटरेस्ट पाहायचा कुठे?

इतवारी_डीलर

अमेरिकेसारखा एक आकडा आपल्याकडे मिळत नाही. तिथे ब्रोकरांना महिन्यातून दोनदा, मध्यावर आणि अखेरीस, प्रत्येक शेअरचे उघडे शॉर्ट कळवावे लागतात आणि ते छापून येतात. रोजच्या सरासरी उलाढालीने त्याला भागले की किती दिवसांत सगळे कव्हर होतील, म्हणजे घेऊन परत केले जातील, ते निघते. ४० लाख शॉर्ट आणि रोजची उलाढाल ५ लाख, तर ८ दिवस. स्क्वीझवाले बघतात तो आकडा हा.

आपल्याकडे मार्च २००१ मध्ये केतन पारेख या शेअर दलालाच्या भानगडीनंतर शॉर्ट सेलिंग बंदच केले होते. २००८ मध्ये शेअर उसने द्यायची-घ्यायची सोय आली, एसएलबी म्हणतात तिला. ती आहे, पण फारशी चालत नाही. एनएसईच्या साइटवर शॉर्ट सेलिंगचा अहवाल असतो, त्यात त्या दिवशी किती शॉर्ट विक्री कळवली गेली ते मिळते. ती विक्री झाली, शिल्लक नाही. मास्तरीणबाईंना फरक सांगायला नको.

भाव पडतो आणि ओआय वाढतो तेव्हा टीव्हीवाले ‘शॉर्ट बिल्डअप’ म्हणतात, भाव चढून ओआय घटला की ‘शॉर्ट कव्हरिंग’. हा अंदाज आहे. कधी बरोबर येतो.

कळमना_आडत

शंभरच्या वरचं मी सांगतो, आमच्या धंद्यात रोजचंच आहे. तुमच्या वहिनींनी तुम्हाला पायली दिली. तुम्ही ती गल्लीतल्या दुसऱ्या बाईला विकली. आता ती डाळ तिची झाली, तिला काय माहीत उसनी होती म्हणून. तिने तीच पायली तिसऱ्या बाईला उसनी दिली, तिसरीने चौथीला विकली. डाळ एकच पायली, देणेकरी दोन. दोघी एकाच दिवशी बाजारात घ्यायला धावल्या की भाव कुठे जाईल ते सांगायला पाहिजे का?

मानेवाड्याची आत्या

हे पटलं. म्हणजे अंश फुगतो, छेद तेवढाच राहतो.

इतवारी_डीलर

कधी छेदच आटतो. ऑक्टोबर २००८, फोक्सवॅगन. पोर्शेने एका रविवारी जाहीर केले की शेअर आणि ऑप्शन मिळून ७४ टक्क्यांवर आपला ताबा आहे. २० टक्के तिथल्या लोअर सॅक्सनी राज्य सरकारकडे होते आणि ते विकणार नव्हते. राहिले जेमतेम ६ टक्के, शॉर्ट त्याहून जास्त. शेअर १,००० युरोच्या वर गेला, थोडा वेळ का होईना जगातली सगळ्यात महाग कंपनी झाली. शुक्रवारपर्यंत जे शॉर्ट साधे वाटत होते ते सोमवारी गळफास झाले.

आपल्याकडचे पाहिजे तर १९८२ चे रिलायन्स. मंदीवाल्यांनी नसलेले शेअर विकले, समोरून कोणीतरी घेतच राहिले आणि शेवटी डिलिव्हरी मागितली. मुंबईचा बाजार तीन दिवस बंद ठेवावा लागला होता. आमचे जुने शेठ हे इतक्या वेळा सांगायचे की आम्ही चहाला उठून जात होतो.

तुमच्या शेअरमध्ये असे काही आहे का? प्रवर्तकांकडे किती, म्युच्युअल फंडांकडे किती, रोजची उलाढाल किती, ते पाहा.

मानेवाड्याची आत्या

पाहिलं. प्रवर्तक ४१ टक्के, बाकी भरपूर मोकळे, रोज लाखोंनी उलाढाल. आटलेलं काही दिसत नाही. सगळ्यांना पाहिजे तेव्हा पाहिजे तेवढे शेअर मिळून राहिले आहेत. मग स्क्वीझ कशाचा?

घाटरोड४४

मग आत्या, ते ४०० काढून टाकले काय?

मानेवाड्याची आत्या

नाही. नवीन घेणार होते ते घेतले नाहीत, आहेत ते आहेत. कंपनीचा तिमाही निकाल येऊ दे, पडायचं खरं कारण त्यात दिसतं का पाहते. पडलेलेच आहेत तर उसने देऊन चार पैसे सुटतात का, म्हणून ब्रोकरला फोन करून एसएलबीबद्दल विचारलं. समोरच्या मुलीने दोनदा स्पेलिंग विचारलं आणि ‘मॅडम, कळवते’ म्हणाली. कोणी इथून नागपुरातून प्रत्यक्ष दिले असतील तर सांगा, कुठला फॉर्म भरावा लागतो?