नवीन कोरलला कडक डिप, की हलकी डिप आणि वेगळी टाकी?

टिळकवाडी_रीफ
बेळगावात खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी कोरल (जिवंत प्रवाळ) येतं ते मुंबई, चेन्नई नाहीतर बेंगळूरहून, रात्रभर पिशवीत. पिशवीतून काढून थेट टाकीत सोडणारेही आहेत, त्यांना लांबूनच नमस्कार. प्रश्न डिप करणाऱ्यांचा आहे, म्हणजे कोरल आधी औषधाच्या पाण्यात बुडवून त्यावरची कीड काढणाऱ्यांचा. माझं मत असं की आल्या दिवशीच एकदा कडक डिप द्यावी, नीट धुवावं आणि टाकीत ठेवावं. दोन खोल्यांच्या घरात महिनाभर दुसरी टाकी चालवा, हा सल्ला ऐकायलाच बरा.

अमेरिकेतले हौशी बायरचं बागेतलं कीटकनाशक वापरत आलेत. त्यात इमिडाक्लोप्रिड ०.७२ टक्के आणि बीटा-सायफ्लुथ्रिन ०.३६ टक्के. त्यांची मात्रा कपभर पाण्याला १० मिली, म्हणजे लिटरला साधारण २९० मिलीग्रॅम इमिडाक्लोप्रिड. आपल्याकडे कुठल्याही कृषी सेवा केंद्रात इमिडाक्लोप्रिड १७.८ एसएल (पाण्यात विरघळणारं) मिळतं, त्याच्या एका मिलीत २०० मिलीग्रॅम. म्हणजे लिटरभर खाऱ्या पाण्याला दीड मिली, दहा मिनिटं. टाकीतल्या श्रिंप म्हणजे कोळंबी आणि खेकड्यांना धोका होतो तो धुण्यात आळस केला तर.

बोलतोय फक्त झोआ, मशरूम आणि लेदर या मऊ कोरलबद्दल. हार्ड म्हणजे दगडी सांगाड्याची कोरल सगळीच्या सगळी वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत, तो विषय इथं नको.

चिक्कोडी_कृषी
अण्णा, हिशोब बरोबर, बाटली चुकीची.

त्या अमेरिकन मिश्रणात दोन विषं आहेत, एसएलमध्ये एकच. इमिडाक्लोप्रिडचा जोर संधिपाद जीवांवर: मावा, तुडतुडे, आणि पाण्यात कोळंबी, खेकडे, कोपेपॉड नावाचे बारीक जीव. झोआ खाणारा न्युडीब्रँक गोगलगायीच्या कुळातला. मृदुकाय जीव हे औषध बरंच सोसतात. म्हणजे ज्याला मारायचं तो वाचण्याची शक्यता जास्त, आणि ज्याला जपायचं त्या क्लीनर श्रिंपवर सगळा मारा. झोआ स्पायडर (कोळ्यासारखी कीड) असेल तर गोष्ट वेगळी, तो संधिपादच आहे.

कुणी म्हणेल, दोन्ही विषं असलेलं ओडी औषध आपल्याकडेही आहे. आहे की. पण ओडी म्हणजे तेलात कालवलेलं. पानाला चिकटून राहावं म्हणूनच ते तसं बनवतात. कोरलच्या चिकट स्रावालाही ते तसंच धरून बसणार. शिवाय बीटा-सायफ्लुथ्रिन माशांनाही घातक.

आणि उरलेलं पाणी कुठं ओतणार? शहापूर-वडगावकडची गटारं बळ्ळारी नाल्याला मिळतात आणि नाला शिवारातून जातो. लेबलवर पिकं आणि मात्रा लिहिलेल्या असतात, त्यात मत्स्यालय नाही.

टिळकवाडी_रीफ
सर, ओडी मी पण म्हणत नाही. पण श्रिंप मरतील ही भीती आकड्यात तपासू.

पाच फ्रॅग (कोरलचे कापलेले तुकडे), प्रत्येकाबरोबर ३ मिली डिपचं पाणी चिकटून आलं असं धरा. १५ मिलीत साडेचार मिलीग्रॅम विष. न धुता २०० लिटरच्या टाकीत गेलं तर लिटरला २२ मायक्रोग्रॅम. मायसिड कोळंबीच्या ९६ तासांच्या चाचणीत निम्मे जीव लिटरला ३५ मायक्रोग्रॅमच्या आसपास मरतात. म्हणजे न धुता टाकणं धोक्याचंच, मान्य. आता २ लिटरच्या दोन बादल्यांत एकामागून एक धुवा. प्रत्येक बादलीत विष सुमारे १३० पट पातळ होतं. टाकीत पोहोचतं ते लिटरला मायक्रोग्रॅमचा हजारावा भाग. एवढ्यानं काय होणार?

शहापूर_नॅनो
दादा, हा हिशोब गुळगुळीत काचेच्या गोट्यांचा झाला. फ्रॅग सिरॅमिकच्या प्लगवर, म्हणजे छोट्या बैठकीवर चिकटवलेलं असतं. प्लग सच्छिद्र, डिप आत ओढून घेतो आणि टाकीत गेल्यावर सावकाश सोडतो. मिनिटभर बादलीत हलवून ते निघत नाही. त्यातून प्लगखाली स्पंज असला तर बघायलाच नको.

पण माझा खरा आक्षेप वेगळा आहे. कुठलीही डिप अंडी मारत नाही. कीटकनाशक असो, आयोडीन असो की वनस्पती-अर्काची महागडी बाटली. न्युडीब्रँकची अंडी जेलीच्या वेटोळ्यात असतात. झोआ मिटलेले असताना टॉर्च आडवा धरून १० पटीच्या भिंगातून दोन देठांच्या मधली फट बघा, पांढरट गुंडाळी दिसेल, शेवयाच्या तुकड्याएवढी. ती ब्रशनं किंवा चिमट्यानं खरवडूनच काढावी लागते. एक राहिली तरी आठवडाभरात पिल्लं बाहेर, आणि ती ज्या झोआवर बसतात त्याचाच रंग घेतात. म्हणून आल्या दिवशीची एकच डिप कितीही कडक केली तरी अर्धवट.

हे असं करावं:

पिशवी १५-२० मिनिटं तरंगवून तापमान जुळवायचं. थेंब-थेंब पाणी सोडत तासभर बसायचं नाही. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पीएच चढतो आणि साचलेला अमोनिया विषारी रूप घेतो. पिशवीतली सॅलिनिटी (खारटपणा) रिफ्रॅक्टोमीटरने बघा, फारच कमी असली तर डिपचं पाणी तेवढ्यालाच बनवा.

फ्रॅग प्लगवरून उपटा किंवा बोन कटरनं बुंध्यापासून कापा. जुना प्लग कचऱ्यात. एप्टेशिया (उपद्रवी समुद्रफूल), व्हर्मेटिड गोगलगाय, बबल अल्गी (फुग्यासारखं शेवाळ) हे बहुतेक प्लगवरच बसून येतात आणि यांना डिपनं काही होत नाही. फ्रॅगवर छोटा ब्रिटल स्टार (तारामाशासारखा जीव) किंवा चांगली गोगलगाय दिसली तर डिपच्या आधी बाजूला काढा, डिपमध्ये वाचणार नाही. मात्र बुद्धिबळाच्या पटासारखी नक्षी असलेली चपटी गोगलगाय म्हणजे सनडायल, ती झोआ खाते, तिला दया नको.

डिपच्या भांड्यात छोटा पावरहेड (पाणी फिरवणारा पंप), आणि पिपेटनं दर मिनिटाला देठांमध्ये पाण्याचा झोत मारा. किडे औषधानं गुंगतात, पडतात ते झोतानं. नंतर दोन वेगळ्या भांड्यांत धुणं, नवीन प्लग, आणि वेगळी टाकी. दर पाच-सहा दिवसांनी पुन्हा डिप, किमान तीन वेळा.

निपाणीकर
एवढं सगळं कशाला? बेटाडीनमध्ये बुडवून काढायचं की! मेडिकलमध्ये मिळतंय, स्वस्त हाय.

खानापूर_खारंपाणी
बेटाडीन चालतं, पण कुठलं ते बघून घ्या. ७.५ टक्क्यांचं सर्जिकल स्क्रब मिळतं त्यात साबण असतो, तो कोरललाही मारतो आणि टाकीत गेला तर स्किमर (पाण्यातली घाण फेसावाटे काढणारं यंत्र) फेसानं ओसंडतो. साधं सोल्यूशन हवं. ५ टक्क्यांचं लुगोल (आयोडीनचं द्रावण) लिटरला १० थेंब टाकतात, तेवढंच उपलब्ध आयोडीन १० टक्क्यांच्या बेटाडीनच्या अडीच मिलीत किंवा ५ टक्क्यांच्या पाच मिलीत मिळतं. वेळ दहा मिनिटं. आणि आयोडीन मुख्यतः कापलेल्या जागेसाठी, सडू नये म्हणून. न्युडीब्रँक त्यानं मरेलच असं धरू नका.

हायड्रोजन पेरॉक्साइडचंही तेच. सगळी मात्रा ३ टक्क्यांच्या हिशोबानं सांगतात, आपल्या मेडिकलमध्ये मिळतं ते ६ टक्के, बाटलीवर २० व्हॉल्यूम लिहिलेलं. ९५० मिली खाऱ्या पाण्यात या ६ टक्क्यांचं ५० मिली, पाच मिनिटं, तेही केसाळ शेवाळासाठी. झेनिया जातीच्या कोरलला अजिबात नको.

वर कुणी लिहिलं नाही म्हणून: झोआ, विशेषतः पॅलिथोआ, कापताना हातमोजे आणि चष्मा. त्यांच्यातलं पॅलिटॉक्सिन हे विष जखमेतून किंवा डोळ्यातून गेलं तर दवाखानाच गाठावा लागतो. ब्रशनं घासायचं ते पाण्याखाली, तुषार उडू द्यायचे नाहीत. आणि झोआ असलेला दगड उकळत्या पाण्यात कधीच नाही, वाफेतून सगळ्या घराला त्रास.

टिळकवाडी_रीफ
ताई, पॅलिटॉक्सिनचा मुद्दा धाग्यात सगळ्यात वर हवा होता, खरंच.

पण वेगळ्या टाकीवर माझा आक्षेप कायम. २५ लिटरच्या टाकीतून रोज ३०० मिली पाणी उडतं. तीन दिवस आरओचं गोडं पाणी घालायला विसरलात तर सॅलिनिटी ३५ वरून ३६ च्या वर. डिसेंबर-जानेवारीत बेळगावची रात्र म्हणजे उघड्या खिडकीजवळची टाकी सकाळी गारठलेली. आणि पावसाळ्यात हेस्कॉमची वीज गेली की छोट्या टाकीतला ऑक्सिजन आधी संपतो. प्रवासानं थकलेलं कोरल आधी असल्या टाकीत, वर आठवड्याला डिप. कीड मारता मारता कोरलच जायचं.

शहापूर_नॅनो
हे सगळं खरं आहे आणि सगळ्यावर उपाय साधे आहेत. ५० वॉटचा हीटर, वर काचेचं झाकण, बॅटरीवर चालणारा एअर पंप, काचेवर मार्करनं पाण्याची रेघ. स्पंज फिल्टर मात्र आधीपासून मोठ्या टाकीत ठेवून मुरवलेला हवा. आणि थकलेल्या कोरलला पहिल्या दिवशी फक्त कापणं, झोत आणि आयोडीन. किड्यांची डिप दुसऱ्या दिवशी, झोआ उघडल्यावर.

जागाच नसेल तर मोठ्या टाकीत फ्रॅगचा डबा लटकवून त्याला क्वारंटाइन म्हणू नका. पाणी एकच, पिल्लं जाळीतून जातात.

निपाणीकर
बरं मग सरळ सांगा. चार झोआ फ्रॅग येणार, १२० लिटरच्या टाकीत दोन क्लीनर श्रिंप आणि हर्मिट खेकडे हायत. कुठली डिप?

चिक्कोडी_कृषी
वनस्पती-अर्काची, कोरल आरएक्स किंवा रिव्हाइव्ह जातीची. मात्रा आणि वेळ बाटलीवरचीच, दुप्पट करायची नाही. ही पण टाकीत सांडली तर श्रिंपला बाधते, म्हणून दोनदा धुणं सुटत नाही. टाकीत ठेवल्यावर एक दिवस फिल्टरमध्ये नवीन ॲक्टिव्हेटेड कार्बन चालवा. स्किमर फेसाळला तर कप तेवढा वर उचला.

टिळकवाडी_रीफ
एसएल मी तरी कपाटात ठेवणार, पण स्पायडर भिंगाखाली दिसला तरच बाहेर काढायची. तेव्हा दुसऱ्या धुण्याचं पाणी तिसऱ्या भांड्यात घेऊन त्यात मोठ्या टाकीच्या फिल्टरमधले चार कोपेपॉड सोडा, तासाभरानं हलताना दिसले नाहीत तर अजून धुवा. हे करायला जागा लागत नाही.

चिक्कोडी_कृषी
तासाभरात काय कळणार, रात्रभर ठेवा. आणि शेजारच्या वाटीत साध्या खाऱ्या पाण्यात तेवढेच कोपेपॉड, म्हणजे ते औषधानं मेले की असेच, ते कळेल. तोवर फ्रॅग स्वच्छ पाण्यात, हवेचा दगड लावून.