शब्दचर्चा: कागदाचं 'साइझिंग' आणि 'रजिस्ट्रेशन'

प्रश्न
बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या छोट्या गटात गम प्रिंट, म्हणजे डिंक आणि रंगाने कागदावर फोटो छापायची रीत, शिकवायला घेतलंय. शिकणाऱ्यांत मराठी मंडळी बरीच, म्हणून कृतीचं पत्रक मराठीत करते आहे. 'प्रीश्रिंक', 'साइझिंग' आणि 'रजिस्ट्रेशन' या तीन शब्दांवर अडले. मोबाईलने शेवटच्या दोहोंना 'आकारमान' आणि 'नोंदणी' सुचवलं! तुम्ही काय लिहाल?

प्रतिसाद
ताई, आधी कागदाचं काय होतं ते बघू. डिंक, पोटॅशियम डायक्रोमेट आणि जलरंग यांच्या मिश्रणाचा हात कागदाला द्यायचा, वाळला की निगेटिव्ह ठेवून उन्हात धरायचं, मग पाण्यात पालथा सोडायचा. ऊन लागलेला डिंक घट्ट होऊन राहतो, बाकीचा सुटतो. हे पिवळ्या, तांबड्या, निळ्या रंगासाठी पुन्हापुन्हा, म्हणजे दर थराला कागद पाण्यात. निगेटिव्ह आहे तेवढंच राहतं, कागद मात्र आटतो. मिलिमीटरभर आटला तरी चेहऱ्यात डोळ्यांची कड दुहेरी दिसते.

म्हणून पहिला शब्द सरळ 'आटवणे'. शिंपी कोरं कापड बेतण्याआधी भिजवून आटवायला सांगतात, तेच हे. 'कागद गरम पाण्यात अर्धा तास ठेवून आटवून घ्या' हे कोणालाही कळेल. 'पूर्वसंकोचन' कृपा करून नको.

दुसऱ्याला 'खळ देणे'. विणकर ताण्याला खळ देतात, गुजरातीत तिलाच 'खेळ' म्हणतात, त्यामुळे आपल्याकडे दोन्ही बाजूंना समजेल. छापताना मात्र जपा, मराठी वाचकाला 'खेळ' दिसला तर घोळ होईल.

प्रतिसाद
खळ म्हणजे पोस्टर चिकटवायची मैद्याची खळ ना? इथे तर जिलेटिन असतं.

प्रतिसाद
क्रियापदाने फरक पडतो. चिकटवायला खळ 'लावतात', सुताला खळ 'देतात'. जिलेटिन असो की तांदळाची पेज, धाग्यांतल्या फटी बुजवायचं काम एकच. खळ नसेल तर रंग कागदात मुरतो आणि पांढरे भाग मळकट राहतात. कृतीत असं लिहा: लिटरला ३० ग्रॅम जिलेटिनची खळ द्या, वाळू द्या, मग फॉर्मलिनने पक्की करा. पक्की केली नाही तर गरम पाण्यात उतरते. आणि क्रम चुकवू नका: आधी आटवणे, मग खळ. उलट केलं तर गरम पाणी खळच घेऊन जाईल.

आणखी एक, डायक्रोमेट विषारी आहे. हातमोजे आणि उघडी खिडकी हे पत्रकात सगळ्यात वर, ठळक अक्षरांत हवं.

प्रतिसाद
'रजिस्ट्रेशन'ला, म्हणजे रंगांचे थर एकावर एक नेमके बसवण्याला, 'जुळणी' का नको?

प्रतिसाद
छापखान्यात तो शब्द आधीच गुंतलेला आहे. जुळणी म्हणजे छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवणं, ते करणारा जुळारी. रंगांबद्दल तिथे 'रजिस्टर हललं' असंच बोलतात. मी 'खुणेवर बसवणे' लिहीन. कागदाच्या कडेला पेन्सिलीने फुल्या, निगेटिव्हवरही तशाच, आणि दर थराला फुलीवर फुली. बोलतानाही सोपं जातं: 'निळा खुणेवर बसला, तांबडा सरकला.' भोकं पाडून खिळ्यांवर कागद अडकवायची रीतही आहे, पण ओल्या कागदाची भोकं ताणतात, म्हणून नवशिक्यांना फुल्याच बऱ्या.

आपल्या पावसाळ्यात आटवलेला कागदही दमट हवेने फुगतो, आणि कागदातले तंतू ज्या दिशेने असतात तिच्या आडव्या दिशेला जास्त. तेव्हा एका चित्राचे सगळे ताव एकाच दिशेने कापा. या दिशेलाही शब्द लागेल. मी 'कागदाचा धागा' म्हणतो, कुणाकडे याहून रुळलेला शब्द असेल तर सांगा.

प्रश्नकर्ती
आटवणे, खळ देणे, खुणेवर बसवणे, तिन्ही घेतले. पण सायनोटाइपचा, म्हणजे लोहक्षारांनी उन्हात निळं चित्र उमटवायच्या रीतीचा, एकच निळा थर असला तर हे सगळं लागतं का?

प्रतिसाद
एकाच थराला खुणा नकोत, आटवायचीही गरज नाही. सायनोटाइपला कागद मात्र चुनखडी मिसळलेला नको, तिच्या अल्कलीने तो निळा उडतो. सायनोटाइपवर गम चढवणार असाल तर तिन्ही लागतील.