मदत हवी आहे: पेपलच्या नावाने आलेले दोन मेल, खरे की खोटे? तक्रार कुठे करायची?

शहापूर_पेठ
नमस्कार मंडळी. बेळगावच्या शहापुरात साड्यांचं दुकान आहे, परदेशातल्या गिऱ्हाइकांचे पैसे पेपलवर येतात. दुकानाच्या जीमेलवर दोन मेल आलेत. पहिला: "प्रिय ग्राहक, आपले खाते मर्यादित केले आहे, २४ तासांत पडताळणी करा", खाली निळं बटण. दुसरा: ४९९ डॉलरचं इन्व्हॉइस, "ही खरेदी तुमची नसेल तर या नंबरवर फोन करा". दुसऱ्याचा पत्ता तर पेपलचाच दिसतोय. पहिल्यातलं बटण पोराकडून दाबलं गेलंय, काही भरलेलं नाही. ओळखायचं कसं, आणि तक्रार मराठीत चालते का, तेवढं सांगा की.

टिळकवाडी_नेट
भाऊ, पाठवणाऱ्याचं नाव कुणीही काहीही ठेवू शकतो, त्यामुळे नावावर टिचकी मारून पूर्ण पत्ता उघडा. बटण दाबून धरलं की (नुसतं टिचकी नको) आतली लिंक दिसते. लिंकमध्ये सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा सोडून पुढची पहिली एकटी रेघ शोधा आणि तिथून डावीकडे वाचा. रेघेला चिकटून जे असतं तोच मालक. 'पेपल डॉट कॉम डॉट अकाउंट-व्हेरिफाय डॉट टॉप' यात मालक 'अकाउंट-व्हेरिफाय डॉट टॉप', पेपल फक्त शोभेला आहे. शिवाय पेपल तुमच्या किंवा दुकानाच्या नावाने लिहितं, 'प्रिय ग्राहक' म्हणत नाही. पण नाव बरोबर आहे म्हणून मेल खरा, असंही धरू नका. नावं-पत्ते फुटलेले असतात.

दुसरा मेल जास्त धोक्याचा. पेपलवर खातं काढून कुणीही कुणालाही इन्व्हॉइस पाठवू शकतो, आणि तो मेल खरोखर पेपलकडूनच निघतो. कॉम्प्युटरवर जीमेलच्या तीन ठिपक्यांत 'शो ओरिजिनल' बघा: एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क (मेल खरंच त्या पत्त्याच्या मालकाकडून आला का, ते तपासणाऱ्या चाचण्या) तिन्ही 'पास' येतील. भामट्याने लिहिलेलं असतं ते बहुतेक 'नोट'मध्ये, आणि फोन नंबरही बहुधा तिथेच असतो. त्यावर फोन केला की स्क्रीन दाखवणारं ॲप टाकायला लावतात. न भरलेल्या इन्व्हॉइसने पैसे आपोआप जात नाहीत. पत्ता स्वतः टाइप करून खात्यात जा आणि तिथं काय दिसतं ते बघा.

खानापूर_रोड
तक्रारीचं सांगतो. दोन्ही मेल विषयाची ओळ न बदलता 'फिशिंग ॲट पेपल डॉट कॉम'ला फॉरवर्ड करा. पहिल्याला जीमेलमध्ये 'रिपोर्ट फिशिंग' करा. पुसण्याआधी 'डाउनलोड ओरिजिनल'ने मूळ फाइल ठेवा. स्क्रीनशॉटमध्ये मेल कुठून कुठून आला ते येत नाही.

पैसे गेले असतील तर १९३० वर (सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन) लगेच फोन. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात फिरायच्या आत बँकेला अडवता आले तरच हाती लागतात, म्हणून 'उद्या शाखेत जाऊ' नको. रक्कम, वेळ आणि यूपीआय असेल तर १२ अंकी व्यवहार क्रमांक जवळ ठेवा. मग 'सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन'वर तक्रार. बँकेलाही कळवून तक्रार क्रमांक घ्या: रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार ओटीपी आपणच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, त्यानंतरचं बँकेचं.

बेळगावात सीईएन (सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांच्या गुन्ह्यांचं) पोलीस ठाणं हेच बघतं. आपल्याकडे अनेकांची खाती चंदगड-कोल्हापूरच्या शाखेत असतात आणि मग हद्दीचा घोळ होतो. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती ठाण्याला नोंदवून घ्यावी लागते. भाषेचं म्हणाल तर घटनेच्या कलम ३५० ने देशात किंवा राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं देता येतं. मराठीतच द्या, सोबत कन्नड किंवा इंग्रजी प्रत जोडलीत तर काम लवकर होतं.

शहापूर_पेठ
लिंक 'डॉट टॉप'चीच निघाली. इन्व्हॉइस खात्यात दिसतंय. बटण दाबल्यावर एक एपीके (अँड्रॉइड फोनवर ॲप बसवणारी) फाइल उतरलीय, उघडलेली नाही.

टिळकवाडी_नेट
फाइल पुसा, उघडू नका. चुकून टाकली गेली असती तर आधी नेट बंद आणि दुसऱ्या फोनवरून जीमेल, पेपल, बँकेचे पासवर्ड बदल, हा क्रम. इन्व्हॉइस भरू नका, खात्यातूनच रिपोर्ट करा. आणि जीमेल, पेपल दोन्हीकडे टू-स्टेप (पासवर्डनंतर आणखी एक पडताळणी) आजच चालू करा.