कडकनाथ कोंबडा, गावरान कोंबड्या आणि आठ पिल्लांचे चार रंग

धानपट्टा (साकोली परिसर, भंडारा)

आमच्या परसात गावरान कोंबड्या वर्षानुवर्षे आहेत. त्यांतील तीन सध्या अंड्यावर आहेत. एक भुरी, एक राखाडी अंगावर पांढरे ठिपके असलेली कबरी आणि एक उघड्या मानेची. तिघींचेही पाय पिवळट आहेत. धुळवडीला जुना लाल गावरान कोंबडा कापला आणि दोनच दिवसांनी पूर्ण काळा कडकनाथ कोंबडा विकत आणला. त्यानंतर साधारण आठव्या दिवसापासून मी अंडी साठवू लागले आणि दहा-अकरा दिवसांत जमलेली १४ अंडी एप्रिलच्या सुरुवातीला खुडूक झालेल्या (अंडी उबवायला बसू लागलेल्या) भुरीखाली ठेवली.

एकविसाव्या आणि बाविसाव्या दिवशी मिळून आठ पिल्ले निघाली. तीन काळी आहेत, पण त्यांचे पोट आणि पंखांची टोके पांढरट पिवळी आहेत. दोन काळ्यांच्या डोक्यावर पांढरा ठिपका आहे. एक काळे पिल्लू उघड्या मानेचे निघाले, तर उरलेल्या दोघांच्या तपकिरी पाठीवर खारीसारखे लांब पट्टे आहेत. काळ्या कोंबड्याची पिल्ले अशी निघालेली पाहून शेजारच्यांनी कोंबडा भेसळीचा असल्याचा निर्वाळा देऊन टाकला. त्यांचे म्हणणे खरे मानावे की नाही, हे मला कळत नाही. शिवाय सहा अंडी वाया गेली. ती फोडून पाहिली तेव्हा दोन निव्वळ पाणचट होती, दोनमध्ये रक्ताची बारीक कडी दिसली आणि दोनमध्ये पूर्ण वाढलेली पिल्ले टरफल न फोडताच मेलेली होती. रंगांचा अर्थ काय लावावा, आणि पुढच्या वेळी अंडी वाया जाऊ नयेत म्हणून काय करावे, हे जाणकारांनी सांगावे.

मेळघाटचा शेजारी (धारणी)

ताई, आधी अंड्यांचे बोलतो, कारण तेथे मला खात्री आहे. एप्रिलमध्ये आपल्याकडे पारा ४२ अंशांच्या पुढे जातो आणि टिनाच्या छपराखाली त्याहूनही वर. फळलेले अंडे खोलीच्या अशा उष्णतेत पडून राहिले की आतला जीव कोंबडी बसण्याआधीच वाढू लागतो, पण ती वाढ धड होत नाही. रात्री गारवा आला की थबकते, दिवसा पुन्हा सुरू होते आणि पहिल्याच आठवड्यात जीव मरतो. रक्ताची कडी दिसते ती अशाच अंड्यांत. साठवणीच्या अंड्यांना १५ ते १८ अंशांचा गारवा लागतो. तो गावात मिळणे अवघड आहे, हे खरे. आम्ही माठ अर्धा ओल्या वाळूत रोवतो, आत तणीस (भाताचा पेंढा) घालून अंडी ठेवतो आणि तोंडाला ओले फडके बांधतो. पाच-सहा दिवसांपेक्षा जुने अंडे खुडुकीखाली ठेवत नाही. ते भाजीत जाते.

पूर्ण वाढून आतच मेलेल्या पिल्लांना माझ्या मते कोरडी हवा भोवली. शेवटच्या तीन दिवसांत हवेत ओलावा नसेल, तर टरफलाखालचा पापुद्रा वाळून चामड्यासारखा होतो आणि पिल्लाला तो फाडता येत नाही. टोपलीत तळाशी ओलसर मातीचा थर द्यावा, त्यावर तणीस घालून अंडी ठेवावीत. अठराव्या दिवसानंतर भोवतालच्या जमिनीवर सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडावे. पिल्लू बाहेर येत नाही म्हणून टरफल सोलण्याची घाई मात्र करू नये. चोच दिसल्यापासून बाहेर पडेपर्यंत त्याला एक दिवससुद्धा लागतो आणि त्या वेळात ते उरलेला बलक पोटात ओढून घेत असते. त्याच बलकावर ते पुढे दोन दिवस दाण्याशिवाय राहू शकते.

रंगाविषयी म्हणाल, तर पट्टेवाली पिल्ले पाहून मलाही तुमचा कोंबडा शुद्ध नसावा असेच वाटते. कडकनाथाचे मूळ ठिकाण, मध्य प्रदेशातले झाबुआ, आमच्यापासून फार दूर नाही आणि आमच्या बाजारात काळे पाय दाखवून काहीही कडकनाथ म्हणून विकले जाते. २०१८ साली झाबुआच्या कडकनाथाला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून तर विचारूच नका.

निवृत्त पशुवैद्यक

अंड्यांविषयी वरच्या उत्तरातील बहुतेक मुद्दे मला मान्य आहेत. फक्त पाणचट अंडी उष्णतेने बिघडली नसून ती मुळातच फळलेली नसावीत. रंगाविषयी मात्र धारणीच्या भाऊंनी निकाल देण्याची घाई केली, असे नम्रपणे सांगावेसे वाटते. प्रश्नातच एक धागा आहे, जो सुटून गेला. जुना कोंबडा धुळवडीला गेला आणि अंडी त्यानंतर आठव्या दिवसापासून साठवली गेली. कोंबडीच्या अंडनलिकेत नराचे बीज साठवणाऱ्या बारीक नळ्या असतात आणि त्यात ते दोन ते तीन आठवडे जिवंत राहू शकते. म्हणजे १४ अंड्यांपैकी काहींचा बाप कापला गेलेला लाल कोंबडा असण्यास पूर्ण वाव आहे. पाठीवर पट्टे असलेली तपकिरी लव हे रानकोंबड्यापासून आलेले मूळ रूप असून भुरी आई आणि लाल बाप यांच्या पिल्लांत ते सर्रास दिसते. पूर्ण काळ्या रंगाचा गुण त्यावर मात करतो. तेव्हा कोंबड्याला काळा गुण आई आणि बाप दोघांकडून मिळाला असेल, तर त्याची पिल्ले पट्टेदार निघणार नाहीत. पण पट्टेदार पिल्लू त्याचेच आहे, हे आधी सिद्ध व्हायला हवे.

काळ्या पिल्लांच्या पांढरट पोटाची काळजी करू नये. बहुतेक काळ्या जातींची पिल्ले अंड्यातून निघताना पोटाशी आणि पंखांच्या टोकांना फिकट असतात व पहिली पिसे फुटू लागली की तो फिकटपणा झाकला जातो. लवेचा रंग आणि कडकनाथाची खरी ओळख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कडकनाथाची ओळख पिसांत नसून कातडीत, मांसावरील पापुद्र्यांत आणि हाडांवरील आवरणात आहे. विसाव्या गुणसूत्राचा एक तुकडा दुणावल्यामुळे काळा रंग तयार करणाऱ्या पेशी शरीरभर पसरतात, आणि चीनच्या सिल्की जातीत हाच बदल आढळतो. (अंडे मात्र काळे नसते, फिकट बदामीच असते. बाजारात कोणी काळे अंडे दाखवले, तर हसून पुढे जावे.)

आता या काळेपणाला आवर घालणारा दुसरा गुण आहे, आणि गंमत तेथेच आहे. पिवळट पायांच्या गावरान कोंबड्यांत कातडीतला काळा रंग रोखणारा गुण असतो आणि तो लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावर बसलेला असतो. पक्ष्यांत हा हिशोब माणसाच्या उलटा असून नराकडे सारखी जोडी असते, तर मादीकडे त्यातले एकच. परिणामी कोंबडी आपला हा गुण फक्त मुलग्यांना देते आणि मुलींना तो केवळ बापाकडून मिळू शकतो. तुमच्या कडकनाथ बापाकडे तो नाही, म्हणून त्याच्या मुली काळ्या कातडीच्या निघायला हव्यात आणि मुलगे फिकट. हीच जोडी उलटी केली, म्हणजे गावरान कोंबडा आणि कडकनाथ कोंबडी घेतली, तर सगळीच पिल्ले फिकट निघतात आणि मालकाला आपण फसवले गेलो असे वाटते.

डोक्यावरच्या पांढऱ्या ठिपक्याचाही हिशोब असाच आहे. कबरीच्या अंगावरचे ठिपके आडव्या पट्ट्यांच्या गुणाचे असावेत, आणि तसे असेल तर तो गुणही त्याच गुणसूत्रावरून फक्त तिच्या मुलग्यांना मिळतो. तेव्हा ठिपकेवाली दोन्ही पिल्ले कोंबडे असावीत.

ताई, पिल्ले आता किती दिवसांची आहेत? प्रत्येकाचे पाय, चेहऱ्याची कातडी आणि तुरा पाहून कळवावे.

धानपट्टा

पिल्ले उद्या पाच आठवड्यांची होतील. आज सकाळी डालग्याखाली एकेकाला धरून पाहिले. ठिपक्याच्या दोन्ही पिल्लांचे पाय फिकट आहेत आणि तुरा लालसर होऊन वर येऊ लागला आहे. पट्टेदार दोघांचे पाय स्वच्छ पिवळे असून काळेपणाचा कुठेही मागमूस नाही. पांढऱ्या पोटाच्या तिघांपैकी दोघांचे पाय, चोच आणि डोळ्यांभोवतीची कातडी काळी आहे. तिसऱ्याचे पाय राखाडीवर गेलेले असून त्याचाच तुरा मोठा आहे. उघड्या मानेचे पिल्लू सगळीकडे काळे आहे, तुरा अगदी बारीक, आणि मानेच्या पुढच्या बाजूला पिसांचा एक झुबका आहे. पोटाचा पांढरेपणा तिघांचाही जवळपास गेला.

निवृत्त पशुवैद्यक

मग कोंबड्याने फारसे काही लपवलेले नाही. काळ्या कातडीची तीन पिल्ले तलंगा (तरुण माद्या) असाव्यात, फिकट पायांची काळी तीन कोंबडे, आणि पट्टेदार दोघांच्या अंगावर काळेपणाचा अंशही नसल्याने ती जुन्या लाल कोंबड्याची असण्याचीच शक्यता अधिक. शेजाऱ्यांनी वादच घातला, तर आता तीन आठवडे केव्हाच उलटले आहेत, पुढची एक खेप याच कोंबड्यावर घ्यावी. त्यात पुन्हा पट्टे निघाले, तर मात्र भाऊंचे म्हणणे मी मान्य करेन.

उघड्या मानेच्या पिल्लाच्या झुबक्यावरून तिच्याकडे तो गुण एकेरी, म्हणजे आई-बापांपैकी एकाकडूनच आलेला आहे असे दिसते. दुहेरी असता तर मान जवळपास पूर्ण उघडी राहिली असती. तिची आई आणि ती, दोघींनाही विकू नये. या गुणामुळे अंगावरची पिसेच कमी असतात आणि नवतप्यात (मे-अखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत) इतर कोंबड्या चोच उघडून धापा टाकत असताना त्यांना तुलनेने कमी त्रास होतो. विदर्भात राहून आपण या कोंबडीला कुरूप म्हणून हिणवतो, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

मेळघाटचा शेजारी (धारणी)

धुळवडीच्या कोंबड्याकडे माझे लक्षच गेले नाही, हे कबूल करतो. मात्र एक गोष्ट राहू नये. ही काळी तलंग दिसायला कितीही कडकनाथ असली तरी ती अर्धीच आहे. तिला कडकनाथ म्हणून विकले, तर पुढच्या पिढीत ज्याने घेतली त्याच्या घरी हाच प्रश्न उभा राहील, आणि तेथे धुळवडीचा खुलासा चालणार नाही.

वर्धेकाठ (आर्वी)

ताईंना शुद्ध वंश हवा असेल, तर कडकनाथ कोंबड्याही आणाव्या लागतील, त्यांचे खुराडे वेगळे करावे लागेल आणि वेगळे केल्यापासून पहिल्या तीन आठवड्यांची अंडी उबवायला न घेता खाण्यात काढावी लागतील. कडकनाथ कोंबडी सहसा नीट खुडूक बसत नाही. तिची अंडी भुरीखालीच ठेवावीत. मी स्वतः अंड्याच्या रुंद टोकावर पेन्सिलीने तारीख आणि आईची खूण लिहितो, आणि पिल्लू निघाले की पायात रंगीत दोऱ्याची सैल कडी घालतो, जी दर पंधरा दिवसांनी बदलावी लागते, नाहीतर पायात रुतते.

हंगामाविषयी माझे मत स्पष्ट आहे: दसरा ते महाशिवरात्र या काळातच अंडी बसवावीत. थंडीतल्या पहाटे कोंबडी दाणा खायला उठते तेव्हा अंडी लवकर निवतात, म्हणून एकीखाली दहापेक्षा जास्त ठेवत नाही. सातव्या रात्री बॅटरीच्या उजेडात अंडी धरून पाहिली की रक्तवाहिन्यांचे जाळे दिसते. न दिसले तर ते अंडे काढून टाकावे, उगाच कोंबडीची ऊब खाते. आणि राणीखेत, म्हणजे आपली मानमोडी, तिची लस पहिल्या आठवड्यात चुकवू नये. या आठ पिल्लांना ती दिली होती का?

धानपट्टा

दिली नव्हती. उद्या सकाळी पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन विचारते. दोन्ही पट्टेदार पिल्ले ठेवते आहे, कारण त्या लाल कोंबड्याची आता तेवढीच खूण उरली आहे.