मदत हवी आहे: परदेशातल्या आपत्तीत आधी आपली माणसं की समोर सापडेल तो?

नमस्कार मंडळी. दादरला अकरावी-बारावीच्या मुलांची वादविवाद स्पर्धेसाठी तयारी करून घेते. यंदाचा विषय: परदेशात गेलेल्या बचाव पथकाने आपल्या नागरिकांना प्राधान्य द्यावं का?

२०१५ मध्ये येमेनमधून 'ऑपरेशन राहत'मध्ये आपण साडेचार हजारांवर भारतीय आणले, सोबत चाळीसेक देशांचे साडेनऊशेच्या आसपास लोकही. पण ते युद्धातून बाहेर काढणं होतं. जहाजात जागा मोजता येते, यादी करता येते. भूकंपाचं तसं नाही. २०२३ मध्ये एनडीआरएफ तुर्कीला गेलं ते तिथल्या सरकारला मदत म्हणून, आणि त्यांनी तिथलीच माणसं ढिगाऱ्यातून काढली. मला हेच पटतं: पाहुणा म्हणून गेल्यावर पासपोर्ट बघून खणायचं नसतं.

पण एका मुलीने विचारलं, "मॅडम, माझा दादा तिकडे अडकला असता तर?" तिचे वडील अग्निशमन दलात आहेत. इमारत कोसळली की सगळ्यांना गप्प करून आधी कानोसा घेतात, असं तीच सांगत होती. तरी तिचा प्रश्न खोटा नाही, आणि मला तिला थातूरमातूर उत्तर द्यायचं नाहीये.

इथे कुणी एनडीआरएफ, नौदल, मर्चंट नेव्ही किंवा दूतावासात काम केलेलं आहे का? प्रत्यक्ष जागेवर कुठे खणायचं हे कोण ठरवतं? दूतावासाने आपल्या माणसांची यादी दिली तर पथक काय करतं? मुलांशी अर्धा तास बोलायला कुणी येऊ शकलं तर फारच बरं, शनिवारी दुपारी. कृपया कळवा.