घरी तोंड बंद नसतं, वर्गात तोंड उघडत नाही. हा स्वभावच असतो का?

कृष्णाकाठची_आई:
मुलगी आठवीत आहे. जूनमध्ये कराडहून पुण्याला आलो, शाळा बदलली. घरी धाकट्याला भूगोल शिकवते, मावशीशी फोनवर तासभर बोलते. वर्गात मात्र उत्तर येत असलं तरी मान खाली. पालकसभेत सांगितलं, "अबोल आहे, जरा स्मार्ट करा." फार लागलं मनाला. सासूबाई म्हणतात, बापावर गेलीय. जाऊबाई व्यक्तिमत्त्व विकास शिबिराला घाल म्हणतात. काय करू?

मानस_अभ्यासक:
ताई, स्वभाव काही अंशी रक्तातून येतो. जुळ्यांच्या अभ्यासांत माणसामाणसांतल्या फरकाचा साधारण 40 ते 50 टक्के वाटा आनुवंशिकतेचा दिसतो. पण अबोल असणं वेगळं आणि आत्मविश्वास नसणं वेगळं. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी 1977 मध्ये 'हे मला जमेल' या विश्वासाचे चार आधार मांडले: स्वतः करून जमलेलं काम, आपल्यासारख्याच कुणाला जमलेलं पाहणं, जवळच्यांचा धीर आणि त्या वेळची शरीराची अवस्था. यांत पहिला सगळ्यात भक्कम. दोन दिवसांच्या शिबिरातल्या टाळ्या तिथेच राहतात.

झेडपीच्या_बाई:
मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. ऊसतोडीला आलेल्यांची मुलं हंगामापुरती आमच्याकडे बसतात, त्यामुळे नव्या वर्गात मुकी झालेली मुलं मी दरवर्षी पाहते. 'धीट हो' असं मी कुणालाच सांगत नाही. परिपाठात दिनविशेष वाचायला देते, तोही आदल्या दिवशी, म्हणजे घरी घोकता येतो. कागद पुठ्ठ्यावर चिकटवून देते. हात थरथरला की कागद फडफडतो, ते सगळ्यांना दिसतं आणि मूल आणखी घाबरतं. पुठ्ठा हलत नाही. सुरुवातीला सोबत एक जोडीदार उभा करते. काही दिवसांनी मूल स्वतःच म्हणतं, बाई, आज मी एकटा वाचतो.
आणि ताई, वर्गात तिच्या बोलण्याला कुणी हसलंय का, ते आधी विचारा.

कृष्णाकाठची_आई:
बाई, रात्री केस विंचरताना विचारलं. पहिल्याच आठवड्यात तिच्या 'न्हाई'ला पोरं हसली होती. तेव्हापासून गप्प आहे. मला इतके महिने बोलली नाही. उद्याच शाळेत जाऊन त्या पोरांची नावं सांगू का?

झेडपीच्या_बाई:
तिला विचारल्याशिवाय नको. तिच्यावरून वर्गात बोलणी बसली तर ती अजून मिटेल. वर्गशिक्षिकांना शाळा सुटल्यावर एकट्या भेटा, तिचं नाव न घेता त्यांनी सगळ्या वर्गाला समज द्यावी. परिपाठाचंही बोलून घ्या. भूगोल आवडतो ना? मग भूगोलातलंच काही वाचायला मागा. आणि घरी तिच्या 'न्हाई'ला कुणी सुधारायला जाऊ नका, सासूबाईंनाही सांगा.